चिठ्ठीवरचा प्रोसेसर

(सीवूड्स. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. काउंटरवर उघडलेला जुना डेस्कटॉप.)

ऋता : नाही बसणार काका, सांगते ना. आजचा नवा प्रोसेसर घ्याल तर बोर्ड बदला, रॅम बदला. म्हणजे अख्खा डबाच नवा.

गोटीराम : डबा नाय बदलायचा. डबा कुंदनचा हाय.

ऋता : मग याच बोर्डावर चालणारा जुना टाकू, सेकंडहॅन्ड. दोन आहेत माझ्याकडे, आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन. सेव्हन तापतो, आणि याचा पंखा बारका. मी तर फाइव्हच म्हणेन.

गोटीराम : ही चिठ्ठी बघ. काय लिव्हलंय?

ऋता : अरे, हाच फाइव्ह की! अगदी हाच नंबर. खाली 'पंखा हाच चालेल' असंही लिहिलंय. कोणी निवडला?

गोटीराम : माझ्या धाकट्या भावानं, कुंदननं. कीर्तनकार व्हता. चिठ्ठी त्याच्या अभंगांच्या वहीत गावली. वरीसभर मागं लागलेला, दादा, एवढा आनून दे. मी हो हो म्हनायचो. त्या वरसात बंगल्यावर मजला चढला, गाडी आली. हा नाय आला.

ऋता : बुवा आता...?

गोटीराम : माघात गेला.

ऋता : अगं बाई.

गोटीराम : गेल्या वरसाच्या हरिनाम सप्त्याचं काल्याचं कीर्तन हाय यात. त्याचं शेवटचं. आवाज साफ करायला बसला की डबा अडकायचा. हात जोडून उठायचा बिचारा.

ऋता : काल टेस्टिंगला लावलं तेव्हा ऐकलं मी. काय गळा हो! दुकान बंद करायचं विसरले. पण मधेच कोणीतरी फोनवर, 'प्लॉट कोपऱ्याचाच पायजे.' कोण हो तो मेला?

गोटीराम : मी.

ऋता : ...सॉरी काका.

गोटीराम : मेलाच बोल. मोठा भाऊ ना, माइकच्या म्होरं बसायचा मान माझा. तेच काढायचं हाय. गोपाळ देवाला घास भरवतात आन् मधी माझा प्लॉट. यंदाच्या सप्त्यात गावाला ऐकवायचंय.

ऋता : निघेल. फाइव्हवर आरामात निघेल. पण एक जागा आहे. बुवा टाळ थांबवून म्हणतात, 'दादा, फोन ठेव, देव थांबलाय.'

गोटीराम : अख्खा मांडव हसला. मीपन हसलो. आन् बोलतच ऱ्हायलो.

ऋता : तिथे दोन्ही आवाज एकावर एक आहेत. तुमचा काढला की त्यांचं 'दादा' पण जाईल.

गोटीराम : नुसतं माझं नाय निघत?

ऋता : नाही हो. बाकीची बडबड काढते, तेवढी जागा ठेवते.

गोटीराम : मंग तो कुनाला बोलतोय, समजनार नाय. ऱ्हाऊ दे सगलं. ऐकू दे गावाला.

ऋता : मग काका, नुसतं ऐकायला यात आहे तोच प्रोसेसर पुरतो. उगाच दुसरा नका टाकू.

गोटीराम : बसव तरी. हो म्हनालो व्हतो त्याला.