सातव्या प्रश्नाची चौकट

चार जून, मंगळवार. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. बँकेचा चौथा मजला, झेरॉक्स मशीनशेजारचं टेबल, एक संगणक, फॉर्मांचे दोन गठ्ठे — नाही सिस्टर, वहीतून वाचूनच दाखवतो, सवय आहे. वेळ आणि जागा आधी सांगितली की पुढे थापा मारायला कमी वाव राहतो, असं पेपरातल्या नव्या पोरांना सांगत आलोय मी, अठ्ठावीस वर्षं. तर अकरा चाळीस. त्या मिनिटाला तुमच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नापुढे ‘ब’ ची खूण झाली. संगणकात वेळ नोंदली जाते, ती मी काढलीय. तुम्ही तेव्हा घरीच होतात ना? आणि हा फोन इथेच, या कपाटावर. वाजला? नाही वाजला. तेच म्हणतोय मी. वाजलाच नाही.

मी बसू का? दारातून बोलायचं म्हणजे सगळा जिना ऐकतो. स्टूल चालेल, स्टूलच बरं. पाणी नको. ते खिळ्याला उलटं लटकवलंय ते घड्याळ ड्यूटीवरचं का? वाटलंच.

तर प्रश्न सातवा. तुम्हाला पाठ असेल, तरी सांगतो, कारण मला तो वाचला की अजून चीड येते. ‘तुमच्या गुंतवणुकीची किंमत अचानक घसरली तर तुम्ही काय कराल? अ — लगेच काढून घेईन. ब — वाट पाहीन. क — आणखी गुंतवीन.’ शाळेच्या चाचणीसारखा. आता गंमत बघा — गंमत कसली! — ‘अ’ वर खूण असेल तर बँकेनं तुमच्या गळ्यात मारलेले ते रोखे तुम्हाला विकताच येत नाहीत, नियमच आहे, घाबरणाऱ्या माणसाला बाजाराचा माल द्यायचा नाही. आणि चौकट रिकामी असेल तरी नाही. म्हणून रिकामी ठेवायची नाही! या कामाला तिथे काय म्हणतात माहितीये? ‘साफसफाई’. माहितीची साफसफाई. तीनशे बारा फॉर्म साफ झाले एका आठवड्यात. तीनशे बारा निवृत्त माणसं, कोणी मास्तर, कोणी ड्रायव्हर, कोणी विधवा, आणि सगळी एका सुरात काय म्हणतात? वाट पाहीन! अहो, रांगेत पाच मिनिटं उभं राहायचं तरी चिडतो म्हातारा माणूस, आणि हे सगळे वाट पाहणारे निघाले.

आणि त्या तीनशे बारांत एकीनंच चौकट रिकामी ठेवली नव्हती. खूण केली नव्हती, पण चौकटीत लिहिलं होतं. बारीक, सरळ अक्षर, खाली तारीख, तारखेखाली वेळ. ‘मला विचारा.’

कोणी केली खूण? साहेबांनी नाही. साहेब कशाला हात काळे करतील? दर उन्हाळ्यात कॉलेजची पोरं येतात तिथे, दोन महिने बँकेचं काम शिकायला, इंटर्न म्हणतात. नवा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत केवढं काय. पहिल्या आठवड्यात काचेतून ती खोली दाखवतात, पडद्यांवर भाव लुकलुकतायत, दोन-दोन फोन कानाला लावलेली माणसं. व्याख्यानं देतात. व्याजदर वर गेले की जुन्या रोख्यांची किंमत खाली कशी येते — चमच्यावर चमचा आडवा ठेवून दाखवायची ती, जेवताना, ही बाजू दाबली की ती वर, तिची आई म्हणायची, आधी खरकटे हात धू आणि मग बाजार चालव, आणि मी आपला —

हो.

आमच्या घरी. माझी मुलगी, सिस्टर. ती खूण माझ्या मुलीनं केली.

सांगणारच होतो. आल्या आल्या सांगायला हवं होतं, खरंय. जिन्यात दोनदा घोकलं, आणि दार उघडलंत तसा मी वार्ताहर झालो, ते सोपं जातं. ऐका, तिची बाजू म्हणून नाही सांगत — नाही, बाजू म्हणूनच सांगतोय. घरी तिला आम्ही ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचो. पाचव्या वर्षी डॉक्टरला विचारलं होतं तिनं, तुम्हाला सुई कोण टोचतं? तर बँकेत तिचा जो वरचा होता, त्याला सगळं आजच हवं असायचं, म्हणून तिनं त्याचं नावच ‘आजच’ ठेवलेलं. तुमचा फॉर्म घेऊन ती त्याच्याकडे गेली. म्हणाली, यात लिहिलंय मला विचारा. फोन करू का? तो म्हणाला, अक्षर लिहिलं असलं तरी खूण नाही ना, मग ती चौकट रिकामीच. सगळ्यांना ‘ब’ चाललाय, हिलाही ‘ब’. तुला इथे पुढे नोकरी करायचीय का फोन? आणि तिनं — एकवीस वर्षांची आहे सिस्टर — तिनं केली खूण. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता.

कुठे निघालात? नको, फाइल कशाला, तुमचं पत्र मला पाठ आहे. ‘मी बत्तीस वर्षं वॉर्डातले तक्ते भरले. ताप न मोजता एकदाही आकडा लिहिला नाही.’ काय वाक्य आहे! मथळाच तो. तुमचं पत्र आलं तेव्हा ऑफिसात पत्रांचा हा ढीग, कोण उघडतं, कुठे जातं, एखादं राहून जातं, तुम्हाला कल्पना नाही किती —

ही काय? पोचपावती.

सतरा जून. हो, सही माझीच. तो फराटा मारल्यासारखा शेवट, माझाच.

राहून नाही गेलं. त्याच दिवशी वाचलं, दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलं होतं की बँकेला हरकत कळवली, तर त्यांनी हाच फॉर्म तोंडावर मारला, तुमचंच उत्तर आहे म्हणे. आणि सहा जुलैपर्यंत व्यवहार रद्द होऊ शकतो, त्याआधी छापलंत तर ऐकतील. लाल शाईनं अधोरेखित. तेव्हा मुलीचे सहा आठवडे राहिले होते. घरी आल्यावर सहज म्हणून विचारलं, त्या फॉर्मांचं काय करता गं तुम्ही? तिनं चमचा खाली ठेवला. ताट उचलून आत गेली. मीही पुढे विचारलं नाही. मंत्र्याच्या घशातून उत्तर काढलेला माणूस मी, माझ्या नावानं खुर्च्या हलायच्या एकेकाळी, आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर दातखिळी बसली! दुसऱ्या दिवशी पत्र खणात टाकलं. खालच्या. म्हटलं, तिचं प्रमाणपत्र हातात येऊ दे, ती कायमची लागते का बघू, मग छापू, दणकून छापू. म्हटलं — काय म्हटलं मी? म्हटलं, वाट पाहू.

तीनशे तेरावा.

सहा जुलै शनिवार होता. मी घरी होतो. पंखा पुसत होतो स्टुलावर चढून. तारीख माहीत होती मला, दिवसभर माहीत होती. रोखे तेव्हा किती खाली आले होते तेही माहीत होतं. संध्याकाळी बायको म्हणाली, आज काय एवढी स्वच्छता काढलीय?

मग मुलीला सापडलं ते. स्टेपलर शोधत होती खणात. अक्षर ओळखलं तिनं, पाकिटावरच्या पत्त्यावरूनच. मला एवढंच बोलली, ‘बाबा, तुम्हाला मात्र हे आजच नको होतं का?’ आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेली, आणि सांगितलं, मी खूण केली, वाचून केली. बँकेला काय, हवंच होतं. आता त्यांच्या कागदात काय लिहिलंय, ‘शिकाऊ मुलीने परस्पर केलेली चूक’. परस्पर! तीनशे बारा वेळा परस्पर! ‘आजच’ रजेवर आहे. कॉलेजलाही कळवलंय. उद्या अकराला चौकशी, तिला एकटीला बोलावलंय, आणि ती सरळ जाऊन तेच सांगणार आहे, तिला कोण अडवणार? वर्षं वाया जातील पोरीची, पुढे कुठली बँक दारात उभी करणार नाही. मी इथे आलोय ते तिला माहीत नाही. सांगूही नका.

म्हणून हा कागद. दोनच ओळी आहेत. टाइप करून आणलाय, तुम्हाला त्रास नको म्हणून. चष्मा आहे ना? थांबा, मीच वाचतो. ‘मी, वय वर्षं एकोणसत्तर, सांगते की जूनच्या सुरुवातीला मला बँकेतून एका मुलीचा फोन आला असावा. वयामुळे नीट आठवत नाही. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.’ बस. इथे फक्त सही —

‘आला असावा.’

‘वयामुळे.’

हो, मी लिहिलंय. काल, ऑफिसात बसून. तुम्ही यातलं एक अक्षर बोलला नाहीत. तुमचं वयसुद्धा मी पत्रातून काढलं. अहो, असं बघू नका. चौकट रिकामी होती, मी भरून आणली, एवढंच — एवढंच केलंय मी. द्या तो इकडे. द्या, फाडतो.

पेन कशाला? सही नका करू, मी म्हणतोय ना, नका —

सही नाही, नुसती तारीख घातलीत. आणि वेळ, पाच वाजून दहा. घड्याळ बघून. आणि फाइलमध्ये. बरोबर. तक्त्यावर जे घडलं ते लिहायचं, मला कळतंय. ठेवा. उद्या घेऊन या हवं तर, मी नाही म्हणणार नाही, माझी सही लागली तर तीही देतो खाली.

निघतो. हो, दार उघडंच राहू दे, मी जातोच आहे. एकच, जाता जाता, आणि हे खरं म्हणून लिहून घ्या, मी बापही नाही आणि कोणी नाही असं समजून. तुमच्याकडच्या त्या फॉर्मच्या प्रतीवर, सातव्या प्रश्नाच्या खाली, एक छापील ओळ आहे. ‘ग्राहकाला विचारून खात्री केली.’ तिथे शिकाऊ पोरांना सही करता येत नाही, बँकेच्या माणसालाच करावी लागते. तीनशे बाराही फॉर्मांवर त्या ओळीपुढे सही आहे. एकाच हाताची, निळ्या शाईची. ती कोणाची, ते बँकेनं सांगितलेलं नाही, आणि उद्याच्या चौकशीला त्या माणसाला बोलावलेलं नाही.