सर्वेश रजेवर, म्हणून सर्वेशला रजा नाही

...आणि वर मलाच विचारतात, "सर्वेश, तू नक्की रजेवर आहेस की नाहीस?" अहो, मला काय विचारता, मशीनला विचारा ना! तुम्हाला सांगतो, आमच्या गावी, संगमेश्वराकडे, शिमग्याला देवाची पालखी घरोघरी येते आणि दारात आली की घरच्या माणसाने खांदा द्यायचा, हा रिवाज. यंदा बाबांचा गुडघा गेला, घरचा माणूस म्हणून उरलो मी एकटा, आणि आई फोनवर, "पालखी आपल्या दारात नि खांद्याला शेजारचा बाळा? मी तोंड कुठे लपवू रे?" तर मला हवी होती रजा. बस, एवढंच.

आता रजा देतं कोण? आमचं सॉफ्टवेअर. अंधेरीतली आमची कंपनी रजेचंच सॉफ्टवेअर बनवते, दुसऱ्यांना विकते आणि स्वतःही तेच वापरते. नियम एकदम साधा: टीममधला एक जण रजेवर असला की त्या दिवशी दुसऱ्याला रजा नाही. साधा आहे ना? पण हा नियम ठेवायचा कुठे? भावकीत बांधावरून होत नाहीत एवढी भांडणं आमच्याकडे ह्या एका प्रश्नावरून झालीत!

एकीकडे श्यामकांत सर, आमचे डेटाबेसवाले. चष्मा कपाळावर, आवाज खालच्या पट्टीत, "हे बघ, सगळी माहिती डेटाबेसमध्ये, मग नियमही तिथेच. आतच नियम तपासणारी प्रोसीजर लिहायची. पाणी टाकीत, तर चावीही टाकीलाच." दुसरीकडे दिशा, ॲप लिहिणारी, खुर्ची गरगर फिरवत, "सर, प्लीज ना, उद्या नियम बदलला तर टाकीत उतरायचं का? नियम बाहेर हवा, ॲपमध्ये, सुटा कंपोनंट. बिघडला, काढला, दुसरा लावला." मला दोघांचंही पटतं, आणि तिथेच माझी वाट लागते.

मग आल्या आमच्या मॅनेजर, रश्मी मॅडम. "भांडू नका यार. दोन्हीकडे ठेवा. डबल सेफ्टी!" टाळ्या! समोसे! विषय संपला!

आणि ह्या डबल सेफ्टीत पहिला अर्ज कुणाचा? माझा. दिशाच्या कंपोनंटने बघितलं, टीममध्ये कुणी रजेवर नाही, झकास, ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं, 'सर्वेश रजेवर'. तिथून अर्ज गेला आत, तर आत सरांची प्रोसीजर दारावर उभी. "थांब. ह्या दिवशी टीममधलं कुणी रजेवर?" कॅलेंडर बघते तर आहे! कोण? सर्वेश! मला निरोप आला, 'आपली रजा नामंजूर. कारण, आपले सहकारी सर्वेश त्या दिवशी रजेवर आहेत.'

अहो, सर्वेश मीच ना! मी सरांकडे गेलो. "प्रोसीजर अगदी बरोबर सांगतेय. दिशाने आधी नाव लिहायलाच नको होतं." दिशाकडे गेलो. "कंपोनंट बरोबरच आहे रे, सर परत कशाला तपासतात?" मग काढा ना एक! "तिने काढावा." "त्यांनी काढावा." म्हणजे नियम ठेवायचा कुठे हे राहिलं बाजूला, ठेवलेला कुणी काढेना...

शेवटी पालखीचा दिवस आला. रजा नामंजूर, म्हणून गुमान ऑफिसला गेलो, दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा! दार वाचतं कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर मी रजेवर. वॉचमन धोंडिराम म्हणतात, "मशीन म्हणतंय तुम्ही सुट्टीवर. मी नाही सोडू शकत भाऊ." मॅडमना फोन केला. "सर्वेश, आला नाहीस तर गैरहजेरी लागेल हां." मॅडम, मी दारात आहे. "मग आत ये." दार म्हणतंय मी रजेवर आहे. "मग रजा घेतलीस कशाला?"

आता बोला! मी लाल दिव्याचा फोटो काढला, मॅडमना पाठवला, खाली लिहिलं, 'दार उघडलं की कळवा', आणि घरून बॅग उचलून बोरीवलीहून एसटी धरली. रात्री पालखी दारात आली, खांदा दिला. खोटं कशाला बोलू, ढोल वाजत होता, आई दारात आरती घेऊन उभी होती, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाळा कानात म्हणाला, "रजा मिळाली वाटतं?" म्हटलं, "मिळाली पण आणि नाही पण." तो म्हणाला, "सरकारी नोकरी लागली काय रे?"

परत आलो तर मॅडम खूश. "तोडगा निघाला! नियम प्रोसीजरमधूनही काढला, कंपोनंटमधूनही काढला." मग नियम ठेवायचा कुठे? मीच विचारलं हो, माझीच जीभ! "तुझ्याकडे. सगळा घोळ तुलाच माहितीये. प्रत्येक अर्ज तू बघायचा, हो की नाही ते तूच सांगायचं."

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. दिशा मनोरीला जाऊन आली, सर सासुरवाडीला जाऊन आले, दोघं म्हणतात, सिस्टीम आता मस्त चालते. काल आईचा फोन आला, "गणपतीला येशील ना रे?"

काय सांगणार... म्हटलं, "आई, रजेचं सॉफ्टवेअर आता मीच आहे, आणि सॉफ्टवेअरला रजा नसते."