जिथं रात होत नाय

राजेंद्र : थांब, थांब. परत सांग. गाडी जहाजात जाते म्हंजी मानसांसकट?

निशा : हो बाबा. जहाजाचं तोंड उघडतं आणि आपण गाडी चालवतच आत जायचं. पुढे-मागे ट्रक असतात, बससुद्धा असतात.

राजेंद्र : बससुदा!

ललिता : अगो बाय माझे! आनी बुडत नाय ते?

राजेंद्र : बुडतंय कशाला? दिघी-आगरदांड्याला खाडीत फेरीबोट चालते तशीच ना गो ती?

निशा : तशीच, पण कितीतरी मोठी. गाडी खाली लावायची आणि वर जाऊन चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत जर्मनी मागे राहिली, समोर डेन्मार्क.

राजेंद्र : एका चहात देश बदलतो! आमी पोलादपूरला चहा घ्यायचो तो आंबेनळी घाट चढेपर्यंत पुरवायचो. मग पुढं?

निशा : डेन्मार्क झाला की पुन्हा जहाज. मग स्वीडन, तिथून नॉर्वे. तुमचे जावई सुशांत आणि मी आलटून पालटून गाडी चालवणार. नॉर्वेत डोंगर सरळ समुद्रात उतरलेत, त्यामुळे रस्ता मधेच पाण्यापाशी संपतो. तिथे छोटं जहाज उभं असतं. पलीकडे गेलं की रस्ता पुन्हा सुरू. काही ठिकाणी तर तो समुद्राच्या खालून जातो.

राजेंद्र : खालनं? म्हंजी आपन खाली आनी मासं डोक्यावर?

निशा : बोगदा आहे बाबा.

ललिता : पोरगी वर्सातनं एकदा जर्मनीवरनं येते, तर बाप तिला समुद्राखाली घेऊन बसलाय. अवो, तिला दोन घास खाऊ तरी द्या.

राजेंद्र : तू गप. निशा, घाट हायत का तिकडं?

निशा : हा बघा मोबाईलवर व्हिडिओ. याच रस्त्याने जायचंय आपल्याला.

राजेंद्र : आयला... वळनं बघ, ललिते! एकाखाली एक. कुनी काढला असंल हा रस्ता? मानूस काय काय करतो गो! आनी ते पानी बघ, वरच्या कड्यावरनं पार खालपर्यंत पडतंय. त्या पान्याच्या अंगाखालनं गाडी गेली! ती बघ, उतरनारी बाजूला थांबली. चढाच्या गाडीला आधी साईड दिली. तिकडं पन तोच रिवाज!

ललिता : निशा, बाबांचा पाय बघ. फरशीवर ब्रेक दाबतायत.

राजेंद्र : दाबनार नाय तर काय? वळनावर एवढ्या स्पीडनं घालतात काय गाडी?

निशा : मग येताय ना दोघं? पासपोर्ट तयार आहेत, व्हिसाची तारीख तेवढी घ्यायची आहे. वीस मार्चला सत्याग्रह दिनाला तळ्यावर येणारे सगळे पाहुणे आपल्याकडेच उतरतील, मग घरात बोलायला जागा मिळायची नाही. आणि ते गेले की मीही निघणार. मला आजच सांगा.

राजेंद्र : आईला ने.

निशा : आणि तुम्ही?

राजेंद्र : मी बघितलं की आत्ता. लई ब्येस हाय.

ललिता : गाढवाला गुळाची चव काय! आत्ता तर ब्रेक दाबीत होते.

राजेंद्र : उगा बोलू नको. दिवेलागन झाली की माजा काय उपेग हाय, तू सांग. हितं घर पायाखालचं, तरी ओटीवरनं आत यायला तुजा हात लागतो. तिकडं जहाजात जिने, नवी घरं, नव्या पायऱ्या. पोरांनी मजा करायची का बापाला मोरी दाखवीत बसायचं?

निशा : बाबा, मला त्याचा त्रास होत नाही.

राजेंद्र : मला होतो. एस्टीची रातराणी चालवायचो गो मी. समोरनं नुस्ता दिवा दिसला तरी सांगायचो, ट्रक हाय का टँकर. त्या मानसाला आता आपल्याच घरात दाराची कडी सापडत नाय. डोळं दगा द्यायला लागलं तवा कुनी सांगायच्या आधी मी आपन होऊन डेपोत चावी ठेवली. त्या दिवशी ठरवलं, आपली गाडी दिवेलागनीला बंद. कुनाच्या गळ्यात पडायचं नाय.

निशा : आणि डॉक्टर काय म्हणाले? डोळ्याच्या पडद्याचं हे दुखणं आहे तिथे थांबत नाही. आज रात्रीचं गेलं, पुढे दिवसाचंही कमी होत जाणार. मी तिकडे रोज म्हातारी माणसं सांभाळते. खिडकीत बसवते, बाहेर काय काय आहे ते त्यांना तोंडाने सांगते. मला तुम्हाला असं तोंडाने सांगायचं नाही, बाबा. दाखवायचंय. दिसतंय तोवर. तुम्ही नसाल तर मी जातच नाही, झालं.

(निशा डोळे पुसते.)

राजेंद्र : रडू नको गो. दिवसा दाखवशील, ते समजलं. पन रातचं काय करू मी?

निशा : मी जायला जून महिना का धरलाय, ते विचारलंत का?

राजेंद्र : सुट्टी असंल तुमची.

निशा : खालच्या बाजूला थोडी रात्र होते, तेव्हा आपण मुक्कामाच्या घरातच असू. पण नॉर्वेच्या वरच्या टोकाला गेलं की जूनमध्ये रात्र होतच नाही. सूर्य मावळत नाही.

राजेंद्र : बापाची चेष्टा करतेस काय?

निशा : हा फोटो बघा. माझ्याबरोबरच्या नर्सने गेल्या वर्षी काढलाय. मध्यरात्री.

राजेंद्र : कवा?

निशा : रात्री बारा वाजता.

राजेंद्र : हे ऊन हाय.

निशा : हो.

राजेंद्र : पान्यावर पडलंय ऊन. आनी ती बाय उभी हाय, तिची... ललिते, हिकडं ये. हितं बोट ठेव. रातचं बारा, आनी मानसाची सावली पडलीय!

ललिता : अगो बाय! मग कोंबडा कवा आरवायचा?

निशा : ते मला नाही माहीत, आई.

ललिता : आनी मानसं झोपतात कशी?

निशा : खिडकीला जाड पडदे लावतात. ओढून घ्यायचे आणि झोपायचं.

राजेंद्र : पडदे लावून अंधार करतात? उजेड असताना? काय म्हनावं या मानसांना! मी नाय ओढायचो पडदा. मी झोपनारच नाय तिकडं.

ललिता : म्हंजी येताय.

राजेंद्र : मी कुठं तसं म्हनलो?

ललिता : आत्ता म्हनलात. निशा, लिही तारीख. ह्यांचं मन फिरायच्या आत लिही.

राजेंद्र : गाडीत बसायचं कुठं मी? मागं बसवू नको हां. जन्मात मागं बसलो नाय, मळमळतं मला.

निशा : पुढे बसायचं. तिकडे स्टेअरिंग डावीकडे असतं, म्हणून तुमची सीट उजव्या बाजूला.

राजेंद्र : उजव्या? म्हंजी माज्याच जागेवर?

निशा : हो, तुमच्याच जागेवर.

राजेंद्र : फकस्त स्टेअरिंग नाय.

ललिता : ब्रेक हाय की पायाखाली. दाबा किती दाबायचा तो.

राजेंद्र : दाबीनच. निशा, तो फोटो परत दाखव. हा रस्ता हाय ना, त्याच्यावरनं खाली पान्यापर्यंत जाता येतं?

निशा : येतं. गाडी वर लावायची आणि चालत जायचं.

राजेंद्र : मग आत्ताच सांगून ठेवतो. रातचे बारा वाजले की मी उतरनार आनी चालत पान्यापर्यंत जानार. माजा मी. कुनी हात धरायचा नाय.

निशा : नाही धरणार.

ललिता : मी धरनार.

राजेंद्र : अगो, दिसत असंल तिथं मला!

ललिता : दिसू दे की. हितं धरते तो तुमच्यासाठी. तिथं माज्यासाठी धरीन.