आम्ही मागची खोली लपवली

मंडळी, बसून घ्या. मागे उन्हात उभे आहात ते मंडपात या. जागा आहे.

उभं आयुष्य मी पोरांपुढे बोलत आलो, पण आज जीभ वळत नाही. आक्कांच्या फोटोला घातलेला हार बघवत नाही. रडायचं ते मी घरी रडलोय. इथे मी रागावून उभा आहे, आणि हा राग आज बोललो नाही तर मला घास गिळवणार नाही.

आक्का ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या आणि शिर्डीहून एक म्हातारी घरी घेऊन आल्या. पोरानं तिला दर्शनाला आणलं होतं आणि बाकावर बसवून निघून गेला होता. मग दुसरी आली, मग एक आजोबा आले. असं करता करता हे घर झालं. इथली निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली. त्यांना उचलावं लागतं, पुसावं लागतं, दर दोन तासांनी कुशीवर करावं लागतं. नाहीतर पाठीला जखमा होतात. मी या संस्थेचा सचिव. म्हणजे कागद माझ्याकडे आणि माणसं आक्कांकडे.

आक्का एकच मागायच्या. "गुरुजी, दोन बाया द्या मला पगारावर. बाकी काय बी नको." दोन बाया! मी मुंबईच्या एका फाउंडेशनकडे अर्ज केला. पाहणीला माणसं येणार असं कळलं.

आणि मग मी काय केलं, ते ऐका. अंगणात रांगोळी काढून घेतली. बसता येणाऱ्यांना नवी लुगडी नेसवून पुढे बसवलं. खिळलेल्यांच्या खाटा मागच्या खोलीत नेल्या आणि दार लोटून घेतलं. बचत गटाच्या सहा जणींना एप्रन घालून उभं केलं. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घरातला पसारा मागे ढकलतो ना? तेच मी माणसांचं केलं.

आक्का दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, हायती तशी दावा की मानसं. पोरगी दावायची हाय का आपल्याला?"

मी म्हणालो, "आक्का, तुम्हाला यातलं कळत नाही." हे मी म्हणालो, मंडळी. आक्कांना!

पाहुणे आले, पुरणाचं जेवले, फोटो काढून गेले. अहवालात लिहिलं, मनुष्यबळ पुरेसे आहे. मग आम्हाला पाणी तापवायची सोलर टाकी मिळाली. सभागृह मिळालं. त्यावर संगमरवरी पाटी मिळाली. बाया मिळाल्या नाहीत.

साहेब, तुम्ही फाउंडेशनतर्फे पुढच्या रांगेत बसला आहात, म्हणून तोंडावर विचारतो. मी खोटं दाखवलं, कबूल. पण ते लोटलेलं दार तुमच्यातल्या एकानेही का ढकललं नाही? पुढे मी खरं काय ते लिहून कळवलं, तेव्हा उत्तर आलं की पगार नियमात बसत नाही. पाटी बसते? टाकीवर तुमचं नाव लागतं, आणि म्हातारीला कुशीवर करणाऱ्या बाईवर लावता येत नाही, एवढीच अडचण आहे ना?

तीन आठवडे आक्कांच्या पाठीत कळ येत होती. मी म्हणायचो, नगरला दाखवून येऊ. म्हणायच्या, "मी गेल्यावर ह्यांना उचलील कोन? काशीला एकटीला झेपत न्हाई." काशी म्हणजे इथली एकुलती एक मदतनीस. गेल्या मंगळवारी एका आजोबांना आंघोळीला उचलताना आक्का खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. काशी सांगते, आजोबांना मात्र त्यांनी पडू दिलं नाही.

आणि आत्ता माझ्याआधी साहेबांनी जाहीर केलं, आक्कांच्या नावाने स्मृतिभवन बांधणार. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या! जिवंतपणी दोन बाया जड झाल्या आणि मेल्यावर इमारत? सचिव म्हणून सांगतो, तिची एक वीट मी इथे लावू देणार नाही. संस्थेने मला काढून टाकलं तरी चालेल.

गावकऱ्यांनो, तुम्हीही माना डोलवू नका. आज मंडप भरलाय. इथल्या एखाद्या आजीला कधी घोटभर पाणी पाजलंय, असं छातीवर हात ठेवून सांगणारे किती आहात? राहू द्या. हात वर करू नका. मला मोजायचे नाहीत.

आता दोन मिनिटं उभे राहू. पण एक सांगून ठेवतो. आत काशी एकटी आहे. आपण मौन पाळत असताना तिने हाक मारली, तर मी मौन मोडून आत जाणार. माझ्यामागे दोघं-तिघं या. चपला काढून, हात धुऊन या. साहेब, तुम्हीसुद्धा.

उठा.