चांदण्यांकडनं आलेला शब्द

बारामती स्टँडवर इंद्रजितरावांच्या तोंडापुढं पेपर होता आणि कान शेजारच्या बाकावरच्या बापलेकीकडं.

"पुण्याला जाऊन इंग्रजीत एम.ए. म्हंतीस. एवढं काय हाय त्या इंग्रजीत?"

"आता बघा आबा, डिझायर म्हणजे ओढ. एखाद्या गोष्टीसाठी जीव तुटणं."

"त्येला आपल्यात शब्द न्हाय व्हय?"

"हाय की. पण ह्यो मुळात लॅटिनमधल्या चांदण्यांवरनं आलाय म्हणत्यात. चांदण्या काय पदरात टाकतील, त्याची वाट बघत बसायचं. तिथनं डिझायर."

"त्येंच्यातबी मेंढरं हुती का?"

"असतील."

"असणारच. बंगल्यात झोपणाऱ्याला चांदण्या कशाला लागत्यात? आमी मेंढरं घिऊन कोकणात निघायचो, तवा आई आमच्या लोणी गावाच्या शिवेपतुर यायची. मावळतीची एक चांदणी दाखवायची. म्हनायची, हिच्याकडं बघत जा. अन् माघारी फिरायची."



"मग मी जाऊ, आबा?"

"एकली न्हाय. हॉस्टेलच्या दारापतुर मी येतो."

"आणि तिथनं पुढं?"

"तितनं तुजं तू बघ. म्या तरी आईला पुढचं कुठं इचारलं हुतं."