वाटेत आलेला आवळा

सुमनताई, ह्यांचा टायफॉईड उतरावा म्हणून मी नवस बोलले होते, की पाच वर्षं आवळानवमीला आमच्या बेसा गावच्या शेतातल्या आवळ्याखाली पाच सवाष्णी जेवू घालीन. चार वर्षं देवीनं सुखरूप पार पाडली. पाचव्या वर्षी धाकट्या भाऊजींनी शेतातून मागच्या झाडीपर्यंत फिरायच्या वाटा काढायला घेतल्या. का, तर त्यांचे शहरातले, धरमपेठेतले मित्र रविवारी पाय मोकळे करायला येणार!

नवमीच्या आदल्या दिवशी मी झाडाखाली सारवायला गेले, तर गडी आवळ्यापाशी कुऱ्हाड घेऊन उभा. माझं डोकंच फिरलं.

"हे काय करून राहिला गा, किसन?"

"साहेबानं वाट सरळ सांगतली, बाई. आवळा मधात येऊन राहिला."

भाऊजी तिथंच उभे होते. म्हणतात, "वहिनी, एका झाडाचं काय एवढं? दुसरं लावू."

"तुमच्या मित्रांना फिरायचंच आहे ना? का गाडी गाठायची आहे? वळू देत की चार पावलं!"

ते हसले आणि किसनला म्हणाले, "तोड."

मी पुढे झाले. उद्याच्या पूजेचं सामान पिशवीत होतंच. खोडाला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, नमस्कार केला. किसननं कुऱ्हाड सरळ भाऊजींच्या हातात दिली.

"पुजलेल्या झाडाले मी नाई हात लावत, साहेब. तुमीच तोडा."

भाऊजींनी कुऱ्हाडीकडे पाहिलं, आवळ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं वाट वळवली.

ताई, तुमच्या दिरांनीही कन्हानच्या बागेतली झाडं तोडून अशाच वाटा काढायचं ठरवलंय म्हणे. भांडत बसू नका. उद्या सकाळीच जा आणि कुऱ्हाडीच्या आधी कुंकू लावून या.