बर्फातली डबी

(उल्हासनगर कॅम्प पाच. फर्टिलिटी सेंटरचा जिना. मासळीवाला कमळाकर पायरीवर बसलाय, मांडीवर थर्माकोलचा खोका. समोर त्याचा मुलगा कल्पेश.)

कल्पेश: बर्फात ठेवली?

कमळाकर: मंग? तूच बोल्लास, डाक्टर ती फ्रीज करनार. मना वाटला, रस्त्यान खराब व्हाला नको. आपली मासली मी कदी खराब होऊ दिलीय?

कल्पेश: मासळी आहे का ती, बाबा?

कमळाकर: ओरडू नको. लोका बगतान.

कल्पेश: बघू देत. सिस्टर काय बोलली, नीट सांगा.

कमळाकर: बोलली, डबीतला बीज सगला मेलाय. त्यांची थंड करायची रीत वेगली, औषध घालून, हलूहलू. घरशी आनताना अंगाच्या उबेत आनायची व्हती. तुला सांगितला व्हता त्यांनी?

कल्पेश: सांगितलं होतं. खिशात, अंगाला लागून ठेवा म्हणून.

कमळाकर: मंग मना का नाय बोल्लास?

कल्पेश: कसं बोलू? डबी तुमच्या हातात देतानाच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. ब्लड टेस्टला जायचं नसतं तर मीच आलो असतो.

कमळाकर: तू लाजलास, आन मी इचारला नाय. माज्या हातान तुजी पोरा मारली मी.

कल्पेश: असं बोलू नका, प्लीज.

कमळाकर: सिस्टर बोलली, सेंटर बंद व्हायच्या आत दुसरी दे. थोडी कमी भरंल, पन चालंल. आत खोली हाय.

कल्पेश: त्या खोलीत काल बसलो होतो ना. बाहेर बाकावर माणसं, मधेच कोण दार ठोकतो. नाही झालं. आज संध्याकाळी ॲडमिट, उद्या केमो चालू. मानेतली गाठ माझ्यासाठी थांबणार नाही. जाऊ दे आता.

कमळाकर: जाऊ दे? केमोनंतर पोर व्हईल का नाय, कोनी सांगू शकत नाय, डाक्टर तोंडावर बोल्लाय.

कल्पेश: म्हणून तर सांगतोय. जिज्ञासाच्या घरी फोन करा. साखरपुडा मोडला म्हणा. कारण काहीही द्या.

कमळाकर: फोन केलाय मी.

कल्पेश: काय?

कमळाकर: तिलाच. खरा ता सांगितला. ती बग, आली.

जिज्ञासा: बाबा, तुम्ही उठू नका. कल्पेश, मला तू टायफॉइड सांगितलंस.

कल्पेश: तू घरी जा.

जिज्ञासा: घरीच चाललेय. तुला न्यायला आलेय.

कल्पेश: तुझ्या घरच्यांना कळलं तर...

जिज्ञासा: कळेलच. मी सांगणार आहे. मोडायचं असेल तर बरा हो, माझ्यासमोर उभा राहा आणि मोड. आता चल. तुझं घर लांब पडेल. आमचं बुवापाड्याचं घर रिकामं आहे, आई कंपनीत, दादा ड्युटीवर. स्कूटीवर दहा मिनिटं.

कल्पेश: तुझ्या घरी? पागल झालीस काय?

जिज्ञासा: मी बाहेर ओट्यावर बसेन. कोणी आलं तर सांगेन, पाहुणे झोपलेत.

कल्पेश: आणि नाहीच झालं तर?

जिज्ञासा: तर नाही. पण प्रयत्नच न करता मला सोडलंस, तर ते मी विसरणार नाही.

कल्पेश: भीती वाटतेय, यार.

जिज्ञासा: मला पण. बस मागे.

कमळाकर: मी रिक्षान येतू. हा खोका हितंच टाकतू, नजरंसमोर नको मना.

कल्पेश: बाबा.

कमळाकर: काय?

कल्पेश: मला तिथून सरळ ॲडमिट व्हायला जायचंय. डबी इथे कोण आणणार?

कमळाकर: जिज्ञासा आनंल. माज्यावर आता इस्वास नको.

कल्पेश: ती मला सोडायला येणार. तुम्हीच आणा. शर्टाच्या आत, बनियनला लागून. रिक्षात पण हात काढायचा नाही.

कमळाकर: नाय काढनार. तू सातव्या महिन्यान झालेलास, तवा बी डाक्टर ह्याच बोल्लेला, पोराला गार लागू देऊ नको. बनियनच्या आत घालूनच आनलेला मी तुला, हेंद्रेपाड्याच्या आपल्या घरापरयंत.